काच चिकटते रबराला, नाव येतं मोटरवर

मनीषनगरमधल्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: "मे महिनाभर आम्ही पुण्याला मुलीकडे होतो. गाडी अंगणात उन्हातच उभी होती. परत आल्यावर ड्रायव्हरकडची काच खालीच येईना. बटण दाबलं की दारातून नुसता 'टक्' आवाज. चार-पाचदा दाबल्यावर 'चर्र' करत सुटली. आता वर जाताना अडखळते, दुपारी तर अर्ध्यातच थांबते. शेजारचे काका म्हणतात, खोबरेल तेल सोडा. गॅरेजवाला म्हणतो, मोटर गेली, साडेतीन हजार लागतील. गाडी २०१४ ची आहे. काय करावं?"

ताई, मोटर एवढ्यात बदलू नका. आणि खोबरेल डोक्यालाच लावा, गाडीला नको.

निदान तुमच्या प्रश्नातच आहे. गाडी महिनाभर हललेली नाही, ती उन्हात होती, काच सुटताना चर्र वाजली आणि दुपारी त्रास वाढतो. मोटर खरंच गेली असती तर सकाळी आठ वाजताही हीच रडकथा असती. मी गेली सव्वीस वर्षं नागपुरात गाड्यांचं इलेक्ट्रिकचं आणि दारांचं काम करतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की "भाऊ, काच अडकून राहिली" म्हणणारी गिऱ्हाइकं रोजची. त्यांतल्या बहुतेकांची मोटर ठणठणीत असते. बिचारी जीव तोडून ओढत असते, काच रबराने धरून ठेवलेली असते आणि बिल मात्र मोटरच्या नावाने फाटतं.

आधी ते रबर बघा. दार उघडा, काच पूर्ण खाली घ्या आणि चौकटीच्या आतून बोट फिरवा. काच ज्या खाचेत सरकते ती खाच बोटाला लागेल. आम्ही तिला चॅनल म्हणतो. ती रबराची असते, पण आतून मखमलीसारखी लव असते. नवीन गाडीत काच खरं म्हणजे रबरावर घासतच नाही, या लवेवरून घसरते. दहा-बारा वर्षांत लव झिजते. सगळीकडे सारखी नाही, तर समोरच्या आरशाकडच्या उभ्या बाजूला आणि वरच्या कोपऱ्यात जास्त, कारण काच तिथे सगळ्यात घट्ट दाबली जाते. बोट फिरवताना जिथे ते गुळगुळीत सरकायचं थांबून 'कच्च' अडेल, तिथली लव गेली समजा. आता उघडं काळं रबर आणि काच समोरासमोर आहेत, मध्ये कोणी नाही.

हे रबर बहुतेक गाड्यांत ईपीडीएम जातीचं असतं. ऊन, पाऊस, हवा सगळं सोसतं, म्हणून तर कंपन्या तेच वापरतात. पण रबर मऊ राहावं म्हणून बनवतानाच त्यात तेल घातलेलं असतं. वर्षानुवर्षं उन्हात तापलं की ते थोडं थोडं पृष्ठभागावर येतं, त्यावर धूळ बसते आणि चिकट थर तयार होतो. त्यात काच महिनाभर एकाच जागी दाबून ठेवली की मधली हवा निघून जाते. घासायला ठेवलेले दोन ओले स्टीलचे पेले एकात एक बसून अडकतात ना, तसंच. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ते मोजमाप सावलीतलं. उन्हात उभ्या गाडीच्या दाराला त्या दिवसांत नुसता हात लावून बघा, मग रबराची काय दशा होत असेल ते कळेल.

आपल्याकडच्या धुळीचाही यात मोठा वाटा आहे. दाराचं रबर पुसल्यावर फडक्याला काय लागतं त्यावरून गाडी कुठे फिरते हे मी सांगू शकतो. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांकडच्या गाड्यांत मैद्यासारखी बारीक करडी राख निघते. उमरेडच्या कोळसा खाणींकडची धूळ काळी. शहरातल्यांमध्ये सिमेंट रस्त्यांची पांढरट भुकटी, आणि ती एकदा पावसात भिजून वाळली की खाचेत अक्षरशः गिलावा होतो. जुन्या गाड्यांत आणखी एक भानगड सापडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचेवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली, तेव्हा लोकांनी घाईघाईत फिल्म ओरबाडल्या. फिल्म गेली, पण कडेचा गोंद काचेवर राहिला, काच खाली-वर होताना तो लवेत गेला आणि तिथेच बसला. अशा गाड्या माझ्याकडे अजून येतात.

(इंटरनेटवर शोधाल तर बहुतेक सल्ले बर्फाचे मिळतील. तिकडे थंडीत काच रबराला गोठून बसते. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ पर्यंत उतरला होता, तेव्हाही कोणाच्या काचेवर बर्फ धरल्याचं मी पाहिलं नाही. आपली काच उन्हानेच चिकटते. त्यामुळे बर्फ वितळवायची रसायनं मागवू नका.)

आता मोटर चांगली आहे की नाही, हे घरच्या घरी कसं बघायचं? संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडीच्या छतातला दिवा लावा आणि काचेचं बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर मोटरपर्यंत वीज पोचतेय आणि ती जोर लावतेय. म्हणजे फ्यूज, स्विच, वायर सगळं शाबूत. दिवा तसूभरही हलला नाही आणि दारातून आवाजही नाही, तर दोष विजेच्या वाटेत आहे. मग रबराच्या मागे लागून उपयोग नाही. दार आणि खांब यांच्यामध्ये वायरींची जी रबरी नळी असते, तिच्या आत रोज दार उघड-बंद करून एखादी वायर तुटलेली असते. तिथून सुरुवात करायला सांगा. तुमच्याकडे 'टक्' वाजतंय, म्हणजे हा प्रकार नाही.

दुसरं, गाडी चालू करून बघा. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते, चालू झालं की चौदाच्या घरात जाते. काच चालू गाडीत बरी चालत असेल आणि बंद गाडीत रडत असेल, तर रबराबरोबर बॅटरीवरही एक नजर टाका. महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असणारच.

तिसरं, दुपारी अर्ध्यात थांबलेली काच पाच-सात मिनिटांनी आपोआप पुन्हा चालते का? चालत असेल तर घाबरू नका. बहुतेक मोटरींत जास्त तापल्यावर स्वतःला बंद करायची सोय असते. काच अडली की मोटर दमते, तापते, गप्प बसते आणि थंड झाली की परत चालते. "कधी चालते, कधी नाही" हे ऐकून गॅरेजवाले मोटर गेली म्हणतात, पण ती स्वतःला वाचवत असते. मात्र अडलेलं बटण दाबून धरायची सवय सोडा. दोन सेकंदात हलली नाही, तर हात काढा. चांगली मोटर खरंच जाळायची असेल, तर तो एकच रस्ता आहे.

काच पुन्हा पूर्ण चिकटली, तर सकाळी, गाडी सावलीत आणि थंड असताना हात घाला. जुनं एटीएम कार्ड घ्या, ते साबणाच्या पाण्यात बुडवा आणि काच व रबर यांच्यामध्ये वरच्या कडेने हळूहळू फिरवा, बाहेरूनही आणि आतूनही. मग एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने दोन्ही तळवे काचेच्या दोन बाजूंना सपाट ठेवून खाली ओढायचं. बोटं वरच्या फटीत घालू नका. स्क्रू ड्रायव्हर तर लांबच ठेवा. बाजूच्या काचा टफन्ड असतात. मधोमध मूठ मारली तरी सहसा फुटत नाहीत, पण कडेला पोलादी टोक लागलं की क्षणात भुगा. माझ्या हाताखालच्या एका पोराने असंच टोक घालून उचकटलं होतं. आवाज झाला फटाक्यासारखा, आणि सीटवर, कपात, पोराच्या खिशात सगळीकडे साबुदाण्यासारखे तुकडे. काच माझ्या खिशातून गेली.

सुटली की लगेच काही फवारू नका. आधी साफसफाई. लोक हीच पायरी गाळतात, आणि सगळा जीव हिच्यातच आहे. काच पूर्ण खाली घ्या. एका वाटीत कोमट पाणी आणि चार थेंब गाडीचा शाम्पू. तो नसेल तर केसांचा चालेल. एटीएम कार्डावर जुन्या बनियनचा एकपदरी तुकडा गुंडाळा, भिजवून घट्ट पिळा आणि खाचेत घालून वरून खाली एकाच दिशेने ओढा. पुढे-मागे घासलंत तर माती लवेत आणखी रुतते. पहिल्या ओढीला कापड काळं येईल, दुसऱ्याला करडं. कापडाची जागा बदलत राहा. माझा नियम असा, की पांढरं कापड पांढरंच बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. एका दाराला वीस मिनिटं सहज जातात. समोरच्या उभ्या खाचेत खाली, आरशाच्या मागे, जिथे कार्ड पोचत नाही तिथे माती सगळ्यात जास्त साचते. तिथे आइसक्रीमच्या काडीला कापड बांधून घाला. जवळ पंक्चरवाला असेल तर त्याच्याकडून खाचेत हवा मारून घ्या, पण डोळ्यांवर चष्मा असू द्या.

पेट्रोल, थिनर, रॉकेल अजिबात नको. डाग झटक्यात निघतात खरे, पण रबर फुगतं, आणि लव ज्या गोंदाने चिकटवलेली असते तो गोंद सुटतो. मग ती केसांसारखी गळते.

काचेची कडसुद्धा पुसायची असते, ते कोणी करत नाही. काच दोन इंच खाली घ्या आणि वरची कड, शिवाय आतल्या-बाहेरच्या बाजूच्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटने पुसा. फिल्मचा जुना गोंद असेल तर तो इथेच सापडेल, बोटाला चिकचिक लागेल. स्पिरिटचं कापड दोन मिनिटं त्यावर धरून ठेवा आणि मग नखाने काढा.

आता काकांच्या खोबरेलाकडे. तेल लावलं की काच त्या दिवशी लोण्यासारखी चालते, हे खरं आहे. म्हणूनच हा सल्ला मरत नाही. मी स्वतः नवखा असताना एका डॉक्टरांच्या गाडीच्या चारही दारांत ग्रीस भरलं होतं. पोळ्याच्या आधीची गोष्ट. डॉक्टर खूश, मीही खूश. दिवाळीला गाडी परत आली. खाचेतून काळा लगदा ओघळत होता, कारण ग्रीसने दोन महिन्यांची धूळ धरून ठेवली होती, आणि काचांवर उभ्या बारीक रेघा पडल्या होत्या. खाचेत पॉलिश पेपर घालावा आणि रोज वीसदा काच घासावी, तसं झालं होतं. शिवाय पेट्रोलियमच्या तेलाने रबर मऊ पडून फुगलं, म्हणजे खाच आणखी अरुंद. चारही रबरं मी पदरची घालून दिली. खोबरेल खनिज तेलाइतकं रबर फुगवत नसेल, पण धूळ धरण्यात तेवढंच वाईट, शिवाय खवट होतं आणि थंडीत थिजतं. गंज काढायचे जे स्प्रे मिळतात, तेही या कामाचे नाहीत. ते लोखंडासाठी आहेत.

लावायचं ते सिलिकॉन स्प्रे. सदरच्या किंवा कॉटन मार्केटकडच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात 'रबरासाठीचा सिलिकॉन स्प्रे' म्हणून मागा. घेताना डब्यावर पेट्रोलियम नसल्याचं लिहिलेलं आहे का ते बघा. सोबत लाल नळी मिळते, तीच लावून वापरा. खाच खडखडीत कोरडी झाल्यावरच मारायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात त्याला अर्धा तास पुरतो. नळी खाचेत घालून वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ सोडा, भिजवू नका. पाच मिनिटं थांबून काच सहा-सातदा खाली-वर करा आणि काचेवर आलेला तवंग लगेच पुसून टाका. समोरच्या काचेवर थेंबही उडू देऊ नका. वायपर फिरला की रात्री समोरच्या दिव्यांचे तारे दिसतात. दाराच्या स्विचमध्येही मारू नका. आणि दाराला रंगकाम करायचं ठरलं असेल तर ते आधी उरका. सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर रंग माशाच्या डोळ्यांसारखा फाटतो, पेंटर तुम्हाला शिव्या देईल.

टाल्कम पावडर? जुने लोक वापरायचे आणि कोरड्या दिवसांत चालतेही. पण मृग लागला की तिची कणीक होते. पावसाळ्याच्या तोंडावर तर नकोच.

एवढं केल्यावर शंभरातल्या ऐंशी-नव्वद काचा सुरळीत चालायला हव्यात, हा माझा अंदाज, हिशोब नव्हे. तुमची नाही चालली, तर रबराचं आयुष्य संपलं. नखाने दाबून बघा. खळगा तसाच राहत असेल किंवा बारीक भेगा दिसत असतील, तर आणखी फवारे मारण्यात पैसे घालवू नका, चॅनल बदला. तुमच्या गाडीचंच, त्याच दाराचं मागा. डावं-उजवं वेगळं असतं. मीटरवर मिळणारी साधी पट्टी कापून बसवायला कोणी निघालं तर नको म्हणा. तिच्यात लव नसते आणि वरच्या कोपऱ्यातलं वळण तिला जमत नाही. बसवताना दोन्ही कोपरे आधी, मग मधला भाग, साबणाच्या पाण्याने. मधून सुरुवात केली की शेवटी कोपऱ्यात फुगा राहतो आणि काच नेमकी तिथेच अडते. दाराला पावसाचं छज्जासारखं व्हायजर लावलेलं असेल, आणि तेही खाचेत खोचलेलं, तर ते काढून एकदा काच चालवून बघा. कधी कधी सगळ्या भांडणाचं मूळ तेवढंच असतं.

गॅरेजवाल्याला मोटर बदलायची घाई असेल, तर त्याला फक्त एक करायला सांगा: दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण काढ, काचेचे दोन बोल्ट सोड आणि काच हाताने खाली-वर करून दाखव. बहुतेक गाड्यांत हे बोल्ट दहा नंबरच्या गोटीपान्याने सुटतात, पंधरा मिनिटांचं काम. बोल्ट सुटताना काच तळव्यांनी धरून ठेवा, नाहीतर धपकन दारात जाते. मोटरचा आता काचेशी काही संबंध राहिला नाही. तरीही काच जड जात असेल, तर दोष खाचेत. काच हाताने हलकी जात असेल, तर काच उचलणारं खालचं मशीन नुसतं चालवून बघायचं. तार तुटून केसाळ झाली आहे का, प्लॅस्टिकची गुटखी फुटली आहे का, ते डोळ्यांना दिसतं. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र, असेल तर आणखी सोपं. मोकळी काच उचलताना मोटर साधारण चार-सहा अँपिअर घेते, अडली की पंधराच्या वर उडी मारते. हे तुमच्यासमोर झाल्यावर मोटर खरंच खराब निघाली, तर खुशाल बदला. मग साडेतीन हजारांचं वाईट वाटायचं कारण नाही. मशीनच्या लोखंडी पट्टीला पांढरं ग्रीस लावायला सांगा. ग्रीसची जागा ती, रबर नव्हे.

पॅड उघडलंच आहे तर दोन गोष्टींवर नजर ठेवा. आत काळ्या चिकट गमने लावलेला प्लॅस्टिकचा कागद असतो. तो फाडून फेकून देणारे मेकॅनिक आहेत. पहिल्या जोरदार पावसात पायाखालची मॅट भिजली की समजा तो कागद गेला. नव्या गाड्यांत दाराच्या आत एअरबॅगचा सेन्सरही असू शकतो. त्याचं सॉकेट सुटलेलं असताना चावी चालू करू द्यायची नाही, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तो घालवायला वेगळे पैसे.

तुमची गाडी २०१४ ची आहे, त्यामुळे पुढचा मुद्दा बहुधा लागू नाही, पण इतरांसाठी सांगतो. एका दाबात आपोआप बंद होणारी काच वर जाऊन पुन्हा खाली येत असेल, तर ती बिघडलेली नाही. मध्ये कोणाचा हात आलाय असं समजून ती मागे येते. रबराच्या अडथळ्याला ती हात समजते. साफसफाईनंतरही तसंच करत असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण आणखी काही सेकंद वर ओढून धरा. बहुतेक गाड्यांत एवढ्याने तिला पुन्हा उमज पडते. बॅटरी काढून लावल्यावरही हेच करावं लागतं.

पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी चारही खाचा कोरड्या पुसून सिलिकॉनची एकेक रेघ मारून ठेवा. गाडी छपराखाली, फाटकाच्या आत असेल तर काचा सूतभर खाली ठेवा, म्हणजे वरचं रबर महिनाभर दाबून राहणार नाही. उघड्यावर असेल तर मात्र बंदच ठेवा, नाहीतर अवकाळी पावसाचं पाणी सीटवर. आणि शेजारचे काका गाडीची चावी ठेवून घ्यायला तयार असतील, तर आठवड्यातून एकदा सकाळी गाडी चालू करून चारही काचा एकदा खाली-वर करायला सांगा. फक्त तेलाची बाटली त्यांच्या हाती देऊ नका.